वास अजून जात नाही

मिरजोळ्याच्या वळणावर निशिगंधाने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून चारही दारं उघडून टाकली. पाऊस झिमझिमत होता. आई मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली – डोक्याचा रुमाल सारखा करत, डोळे मिटून, तोंडाला पदर लावून. कोल्हापूरला केमो घेऊन परतताना आंबा घाट उतरेपर्यंत तिने कसंबसं धरलं होतं. साखरप्याला उलटी झाली, पालीला झाली, आणि आता घर जवळ आलं असताना तिने हात वर करून म्हटलं होतं, "थांबव गो... थांबव. ह्या वासात मला नाय बसवत."

"दारं उघडी ठेवून पाऊस आत घेताय," मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पुढच्या महिन्यात माझ्याकडे यायची तयारीच म्हणायची."

ती वळली. रस्त्याच्या पलीकडे एक पत्र्याची शेड होती, वर 'कार एसी' एवढंच रंगवलेलं. तिथून तिशीचा एक माणूस छत्री घेऊन आला होता. तो बोलला तिच्याशी, पण छत्री मात्र सरळ जाऊन धरली आईवर.

"एसी लावला की वास येतो," निशिगंधा म्हणाली. "आणि नाही लावला तर काचा धुरकटतात. घाटात समोरचं काही दिसत नाही."

"कसला वास?"

"कसला म्हणजे... घाणेरडा. तुम्हीच बघा ना."

त्याने छत्री आईच्या हातात दिली, गाडीत वाकला, हवा येते त्या जाळीपाशी नाक नेलं आणि तसाच बाहेर आला. चेहऱ्यावर काहीच नाही.

"मला नाही कळत," तो म्हणाला. "कोरोनात माझ्या नाकाचा वास गेला, तो परत आलाच नाही. तुम्ही सांगा. ओल्या फडक्याचा, कुजक्या पानांचा, की मेलेल्या उंदराचा?"

"एसीचं काम करता आणि वास येत नाही?"

"बाकी सगळं येतं."

कठड्यावर बसलेली आई हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. त्या हसण्यापायी निशिगंधा मुकाट्याने सीटवर बसली, ब्लोअर चालू केला आणि डोळे मिटले. "ओल्या गोणपाटाचा," ती सावकाश म्हणाली. "आणि त्याच्या खाली... गोडसर काहीतरी. फणसाखाली पानं कुजतात ना पावसात, तसं."

तो मान किंचित तिरपी करून ऐकत होता. तिचं बोलणं इतकं मन लावून बऱ्याच दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं.

"गाडी फणसाखाली उभी असते?"

"हो... तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत की आत्ता." तो पहिल्यांदा हसला. "उद्या आणा. मी गुरुप्रसाद."

"मी निशिगंधा."

"घ्या," तो म्हणाला. "आणि माझ्या नाकाची ही तऱ्हा."

---

गाडी तिच्या भावाची, अजिंक्यची. डोंबिवलीला नोकरी लागल्यावर त्याने जुनी घेतलेली, आणि मग नवीन घेतल्यावर आईसाठी म्हणून रत्नागिरीला आणून सोडलेली. दोन पावसाळे ती परसातल्या फणसाखाली झाकून उभी होती. आईला पोटाचा आजार निघाला, तेव्हा कुठे गाडीवरचं झाकण निघालं. निशिगंधा एका छापखान्यात काम करायची. दिवसभर संगणकावर लोकांच्या लग्नपत्रिका जुळवायच्या, आणि दर तीन आठवड्यांनी रजा टाकून आईला कोल्हापूरला न्यायचं. वडील कधीच गेलेले. घरात त्या दोघीच.

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादने डाव्या बाजूचा कप्पा काढून त्याच्यामागचा फिल्टर ओढला, तेव्हा निशिगंधा दोन पावलं मागे सरली. काळपट लगदा होता नुसता. पानं, देठं, फणसाची वाळकी फुलं.

"ह्यातून गाळलेली हवा खात होता तुम्ही," तो म्हणाला.

मग त्याने काचेखालच्या खोबणीतला पाचोळा उपसला, आत कूलिंग कॉइलवर फेस मारला आणि गाडीखाली झोपून पाणी जायचा पाइप फुंकला. तुंबलेलं काळं पाणी भस्सकन बाहेर पडलं, ते थोडं त्याच्या बाहीवर उडालं. कॉइलवर पाणी साचून राहतं, त्यावर बुरशी धरते, तोच हा वास – असं त्याने समजावलं. पायाखालची गालिच्याची पट्टी काढून ती पंख्यासमोर वाळत घातली. अजिंक्यने आरशाला लटकवलेली सुगंधी बाटली मात्र त्याने आधीच काढून ठेवली होती.

"केमोवाल्या माणसाला हे बाधतं," तो म्हणाला. "माझ्या आत्याला बाधायचं. आता एक करायचं. घर यायच्या थोडं आधी एसी बंद करायचा, पण ब्लोअर चालू ठेवायचा. आतलं सुकतं. ओलं ठेवून दार लावलं की परत धरतो वास."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच. आता बसा आणि सांगा."

ती बसली. तो बाहेर उभा राहिला, हातात फडकं घेऊन, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

"नाही येत," ती म्हणाली. "म्हणजे... साबणाचा थोडा. आणि पावसाचा, बाहेरून."

"पावसाचा कसा असतो?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"आठवतो. पण हल्ली आठवतो तो खरा का मीच बनवलेला, ते कळत नाही."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. तिने शेडबाहेर पाहिलं. चिरेखाणीचा ट्रक जाऊन रस्त्यावर लाल पाणी पसरलं होतं. "इथला आज चिऱ्याचा आहे," ती म्हणाली. "ओला चिरा फोडल्यावर येतो तसा. थोडा रक्तासारखा, पण थंड."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

---

पुढच्या केमोला दोघी पहाटेच निघाल्या. हातखंब्यापर्यंत आई गप्प होती. मग तिने पदर तोंडाला लावला.

"येतोय गो."

"काय?"

"वास. तोच."

निशिगंधाने गाडी थांबवली. आत वाकून, जाळीला नाक लावून तिने हवा ओढून पाहिली. तिला काही येईना. पण केमोनंतर आईला शेजारच्या घरातली फोडणीही इकडे सोसत नव्हती. तिच्या नाकाशी आपल्या नाकाची बरोबरी कशी करायची? "काच उघडून जाऊ," ती म्हणाली. "हळू नेते." आईने नकारार्थी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. निशिगंधाने गाडी वळवली.

गुरुप्रसादने शेड नुकतीच उघडली होती. त्याने सगळं परत खोललं. आई लाकडी बाकावर बसून राहिली, निशिगंधा दवाखान्याला फोन लावत बाहेर येरझारा घालत होती. मग आईने चहा मागितला म्हणून ती नाक्यावर गेली. परत आली तेव्हा ती दोघं काही बोलत नव्हती. गुरुप्रसाद गाडीखाली होता, आई त्याच्या पायांकडे बघत होती.

"झालं," तो बाहेर येऊन म्हणाला. तिच्याकडे न बघता. "परत फेस मारलाय."

दवाखान्याने पुढची तारीख दिली. मधल्या दिवसांत निशिगंधाने भाड्याच्या गाडीचं विचारून पाहिलं. आई म्हणाली, भाड्याच्या गाडीत तर आणखी वाईट, जाईन ती आपल्याच गाडीने. फक्त तो वास घालव.

त्याच दिवसांत कधीतरी मेसेज सुरू झाले. आधी तोच विचारायचा, गाडी कशी आहे म्हणून. मग एकदा त्याने विचारलं, आज छापखान्यात कसला वास आहे? तिने लिहिलं, शाईचा, आणि गरम झालेल्या कागदाचा, इस्त्रीच्या कपड्यासारखा. त्यानंतर ती वास गोळा करायला लागली. मिरकरवाड्याच्या बंदरावरून जाताना डिझेल आणि बांगडा. लावणी झालेल्या वाफ्यातला चिखल. शेजारच्या काकूंनी नागपंचमीला दिलेले पातोळे. 'हळदीचं पान सोडवताना पहिल्यांदा जी वाफ येते ना, ती,' तिने लिहिलं. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं – 'मागच्या वर्षी खाल्ला. नुसता गरम आणि गोड लागला. तुमचं वाचून आज पोट भरलं.'

तिने फोन उलटा ठेवला. आत आई खोकत होती. आईचं हे असं चाललेलं असताना आपल्याला एका मेसेजने कानशिलं गरम व्हावीत, ह्याची तिला इतकी लाज वाटली की तिने उठून विनाकारण भांडी घासायला घेतली. तरी संध्याकाळी तिने पुन्हा लिहिलंच. दिवसातला तेवढाच एक तुकडा असा होता ज्यात कुणी मरत नव्हतं.

कधी ती कामावरून सुटल्यावर शेडवर जायची. गाडी दाखवायचं निमित्त असायचं.

"आज काय बिघडलं?" तो विचारायचा.

"काही नाही... ब्लोअर जरा आवाज करतोय वाटतं."

"वाटतं?"

"वाटतं."

"मग बघायला पाहिजे," तो गंभीरपणे म्हणायचा आणि बॉनेट न उघडताच तिला बाकावर जागा करून द्यायचा. बोलता बोलता मध्येच तो गप्प व्हायचा. काहीतरी ओठांवर येऊन परत जातंय, असं तिला वाटायचं. तिला वाटायचं, ते काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. आणि त्या नुसत्या वाटण्याने घरी जाताना तिला रस्ता छोटा वाटायचा.

---

पुढच्या तारखेला आई फाटकाबाहेरही आली नाही. गाडीत बसली, निशिगंधाने किल्ली फिरवली, आणि आई दार उघडून उतरली.

"येतोय," ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

निशिगंधा तिच्या उशाशी बसली. समजावलं, रागावली, हात जोडले. अजिंक्यला फोन लावून दिला. तो पलीकडून ओरडला, मग रडला. आई हलली नाही. शेवटी ती एकटीच गाडी घेऊन मिरजोळ्याला गेली.

"सगळं काढा," ती शेडमध्ये शिरताच म्हणाली. "पूर्ण डॅशबोर्ड काढा. कॉइल नवीन घाला. काय वाटेल ते करा."

गुरुप्रसादने तिच्याकडे पाहिलं, आणि तो कामाला लागला. दुपार होईपर्यंत गाडी आतून उघडी पडली होती, वायरी लोंबत होत्या. त्याने कॉइल काढून तिच्या हातात दिली. स्वच्छ, कोरडी, चकचकीत.

"वास घ्या."

"नाही येत."

"फिल्टरचा?"

"नाही येत. पण आईला येतो."

तो समोर उकिडवा बसला. हात पुसत राहिला, पुसून झाले तरी. "गाडीत काही नाही, निशिगंधा," तो म्हणाला. नुसत्या नावाने तो तिला पहिल्यांदाच हाक मारत होता. "वास पहिल्याच दिवशी गेला होता."

"म्हणजे?"

"तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा काकींनी सांगितलं मला. त्यांना जायचं नाहीये. कोल्हापूरच्या डॉक्टरांचं बोलणं त्यांनी तुमच्या माघारी ऐकलं होतं – आता हे औषध आजार बरा करायला नाही, थोडे महिने लांबवायला आहे म्हणून. म्हणाल्या, तिला सांगू नको, मीच सांगेन सवडीने."

निशिगंधा ती कॉइल हातात धरून उभी होती. तिने ती फरशीवर ठेवली.

"तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"आणि मी इथे येऊन बसत होते. तुम्हाला... पातोळ्यांचा वास लिहून पाठवत होते."

"मला वाटलं त्या सांगतील. रोज वाटायचं, आज सांगतील." तो थांबला. पुढचं बोलणं त्याला जड जात होतं. "आणि आणखी एक होतं. वास गेलाय म्हटलं असतं, तर तुम्ही यायचं थांबवलं असतंत. तेही होतं. खोटं नाही बोलणार."

खरं तर हे वाक्य ऐकायला ती किती दिवस थांबली होती. आणि ते आलं ते असं, सुटे भाग पसरलेल्या फरशीवर.

"माझ्या आईचे उरलेले दिवस होते ते," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "गाडी जोडून ठेवा. उद्या नेते."

ती पावसातून चालत घरी गेली.

---

आई पडवीत बसली होती. निशिगंधाचा चेहरा बघूनच तिला कळलं.

"सांगितलंन वाटतं," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस? रडत बसली असतीस. वासाचं म्हटलं तर धावलीस तरी. तुला काम मिळालं." आईने तिचा ओला हात आपल्या मांडीवर घेतला. "मला त्या घाटातून परत नाय जायचं, बाय. ती सुई नको, ते उलट्या काढणं नको. मी किती दिवस आहे ते आहे, पण घरात आहे."

"आणि मी?"

आई तिचा हात कुरवाळत राहिली. बाहेर फणसावरून पाणी ठिबकत होतं, आणि निशिगंधाला वाटलं, आता करण्यासारखं काही म्हणजे काहीच उरलं नाही. साफ करायला नाही, बदलायला नाही, कुणाला दाखवायला नाही. इतके दिवस त्या वासाला शिव्या घातल्या. आता तो असता तर किती बरं झालं असतं.

---

भाताची कापणी सुरू झाली त्या सुमारास आईने माहेरी जायचं काढलं. माहेर हेदवीचं. "दशभुजा गणपतीला हात जोडून येऊ," ती म्हणाली. "आणि त्या गुरूला बोलव. वाटेत गाडी बंद पडली तर?"

"नाही पडणार."

"बोलव म्हटलं ना."

निशिगंधाने नुसता निरोप पाठवला. तो सकाळी फाटकाशी येऊन उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून. तो पुढे बसला, आई मागे उशांना टेकून, आणि गाडी निशिगंधाने चालवली. जयगडपर्यंत ती दोघं एक शब्द बोलली नाहीत. बोलत होती ती आई – कुठल्या वळणावर कुणाची बाग, लहानपणी होडीतून खाडी ओलांडताना कोण पाण्यात पडलं होतं ते. सगळ्या काचा उघड्या होत्या. कातळावरचं गवत पिवळं पडलं होतं.

जयगडला गाडी फेरीबोटीवर चढवली. बोट सुटताच आईचा डोळा लागला. निशिगंधा उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिली. जरा वेळाने तोही आला, थोडं अंतर ठेवून.

"त्या दिवशी आई आणखी काय म्हणाली?" तिने पाण्याकडे बघत विचारलं.

"मला विचारलंन, तुला वास येत नाही तर जेवण कसं लागतं? मी म्हटलं, गरम लागतं, गार लागतं, मऊ लागतं, कडक लागतं. तेवढंच. तर म्हणाल्या, माझंही आता तसंच झालंय रे, पण घरात सांगता येत नाही, पोर एवढ्या हौसेने करून घालते."

निशिगंधाने कठडा घट्ट धरला.

"म्हणून मला नाही म्हणता आलं नाही त्यांना," तो म्हणाला. "पण तुम्हाला सांगायला हवं होतं. ते चुकलंच."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच."

तवसाळचा धक्का जवळ येत होता. ती गाडीकडे वळली. वळताना तिचा दंड त्याच्या दंडाला लागला, आणि ती लगेच पुढे झाली नाही. तेवढंच. पण तेवढ्यानेही तिला रडू फुटेल की काय असं झालं.

हेदवीला आई देवळाच्या आवारात गाडीतच बसून राहिली, दार उघडं ठेवून, गाभाऱ्याच्या दिशेने हात जोडून. मामाच्या घरी तिने दोन घास पेज खाल्ली आणि खळ्यात बसून भावजयीशी जुन्या भांडणाचा निकाल लावून घेतला. भावजय हसत हसत हरली. परतीच्या वाटेवर आई गाढ झोपली होती, आणि आरशात तिचा चेहरा बघत निशिगंधा गाडी चालवत होती, हळू, इतकी हळू की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढे निघून जात होत्या.

दिवाळी संपली आणि आई गेली. सकाळी, घरात, जसं तिला हवं होतं तसं. पोचवायला आलेल्या माणसांत गुरुप्रसाद होता. त्याने खांदा दिला. निशिगंधाने त्याला पाहिलं आणि दुसरीकडे मान फिरवली. त्याच्यावरच्या रागाने नाही, तर त्याच्याकडे बघितलं असतं तर तिचा धीर सुटला असता म्हणून.

---

दिवसकार्य आटोपल्यावर अजिंक्य म्हणाला, "इथे एकटी काय करणार? डोंबिवलीला चल. घराचं नंतर बघू. गाडी तेवढी काढून टाक."

तिला हो म्हणायलाही काही वाटलं नाही, नाही म्हणायलाही नाही. दिवस उजाडायचा, मावळायचा. वहिनी पान वाढायची, ती दोन शितं चिवडून उठायची. छापखान्यातून बोलावणं आलं होतं, लग्नसराई सुरू झाली म्हणून. लोकांच्या लग्नांच्या तारखा जुळवायला बसायच्या कल्पनेनेच तिला नकोसं व्हायचं.

एका दुपारी ती गाडी घेऊन मिरजोळ्याला गेली.

"कुणी घेणारा असेल तर बघा," ती म्हणाली. "मी डोंबिवलीला जातेय."

गुरुप्रसादने किल्ली घेतली नाही. "कधी?"

"अजिंक्य म्हणेल तेव्हा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. मला काही वाटतच नाही. तिच्या साड्या घडी घालून ठेवल्या, तेव्हाही नाही वाटलं काही." ती बाकावर बसली. "तुमचा राग मात्र येतो. तेवढा एक शिल्लक आहे."

"असू दे."

"असू दे काय? तुम्ही बरे दिसलात की येतो. आत्ता येतोय."

तो खालच्या मानेने हसला, मग हसू आवरलं. "निशिगंधा, मला तुमच्याशी लग्न करायचंय," तो म्हणाला. "हे बोलायची ही वेळ नाही, मला कळतं. पण मागच्या वेळी बोलायचं ते ठेवून दिलं, त्याचं काय झालं ते आपण बघितलं. म्हणून सांगून टाकतोय. उत्तर नको."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"माझ्याकडे द्यायला काही नाही आता," ती म्हणाली.

"मागितलं कुठे?"

"आणि मी गेले डोंबिवलीला तर?"

"तिथेही गाड्यांना एसी असतात. येईन." तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला – खप्पड झालेल्या गालांकडे, मनगटावर सैल झालेल्या घड्याळाकडे. "शेवटचं जेवलात कधी? नीट, बसून?"

तिला आठवेना. खरंच आठवेना. तिने मान हलवली.

तो उठला, हात धुऊन आला आणि मागच्या फळीवरचा डबा काढून दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला. भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी. डब्याच्या झाकणात त्याने तिच्यासाठी भात काढला, वर पिठी ओतली आणि झाकण तिच्यापुढे सरकवलं. स्वतः डब्यातूनच खायला लागला, तिच्याकडे न बघता.

तिने झाकण जवळ ओढलं. मग एक घास घेतला. पिठी अजून गरम होती. दुसरा घास घेतला, आणि गिळताना तिला रडू आलं – इतक्या दिवसांचं, आवाज करून, खांदे हलवून येणारं. त्याने समजूत घातली नाही, पाणी भरून तेवढं जवळ ठेवलं. ती रडत रडत जेवत राहिली. झाकण रिकामं झालं तेव्हा तिने डाव्या हाताने डोळे पुसले आणि ते त्याच्यापुढे केलं.

"अजून थोडा भात दे," ती म्हणाली.

त्या 'दे'वर त्याचा हात घासासकट जागच्या जागी थांबला. मग त्याने डब्यातला उरलेला सगळा भात तिच्या झाकणात काढला.